पुस्तिका छापायची असेल तर इथेच या, पण आकडे घरून पक्के करून आणा

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कशाचा कापला ते पुढे सांगते. या छपाईच्या दुकानातल्या लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड याबद्दल बाकीच्यांनी लिहिलंच आहे, माझं काम वेगळं होतं म्हणून जरा लांब लिहून राहिली, कारण असलं काम घेऊन नागपुरात कुठे जायचं हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बर्डीपासून सदरपर्यंतच्या चकरा वाचल्या असत्या.

काम असं होतं. आम्ही चौघं, त्यात एक रिटायर्ड सर, एक वकील मैत्रीण, माझा मावसभाऊ आणि मी. आम्हाला मराठीत एक १६ पानी पुस्तिका काढायची होती आणि सोबत दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाला एक पत्र पाठवायचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेची निवडणूक होती आणि सौदी अरेबियाचं सरकार त्यात पुन्हा उभं होतं. त्या निवडणुकीत मत देणाऱ्या देशांत आपला देश पण आहे, तर आपलं मत त्यांना जाऊ नये एवढंच आमचं म्हणणं. सात समुद्रापलीकडचा विषय नागपुरात काऊन, असं आधीच्या तीन दुकानांत विचारलं गेलं. एकाने तर मजकूर वाचून 'मॅडम असलं आपण नाही छापत' म्हणून कागद परत हातात दिले. त्याला दोष देत नाही, भीती वाटते लोकांना.

तर हे दुकान. गांधीबागेकडे जाणाऱ्या गल्लीत आहे, गाडी आणू नका, संध्याकाळी तिथे स्कूटीला पण जागा नसते. मेट्रोने चितारओळी चौकाला उतरायचं आणि पायी यायचं, मी शंकरनगरवरून अ‍ॅक्वा लाइननेच येते. खाली मिनी ऑफसेट आणि कटिंग, वर लाकडी जिन्याने गेलं की डीटीपी. जिना अरुंद आहे, सरांच्या गुडघ्याला त्रास झाला, तर दुकानवाल्या काकांनी कॉम्प्युटरवरच्या ताईंनाच खाली बोलावलं आणि प्रूफ खालीच काउंटरवर पसरून दिलं. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं कारण म्हाताऱ्या माणसाला कोण एवढं करतं आजकाल.

विषय माझ्या घरचा कसा ते सांगते. मावसभाऊ २०१२ ते २०१६ दम्मामला होता, एसी रिपेअरचं काम. गेल्या गेल्या कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला. मावशी गेली तेव्हा त्याला निघायची परवानगीच मिळेना, तिकडे मालकाच्या सहीशिवाय देश सोडता येत नव्हता तेव्हा, कफाला म्हणतात त्या पद्धतीला, म्हणजे मजूर ज्याच्या नावावर आला त्याच्या मर्जीवर सगळं, नोकरी बदलायची तरी तोच, घरी जायचं तरी तोच. तो तेराव्यानंतर सहा दिवसांनी पोचला. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, जेद्दाहमध्ये हजारो भारतीय कामगार पगाराविना, जेवणाविना अडकले होते, सुषमा स्वराज परराष्ट्र मंत्री होत्या, त्यांनी दूतावासाकडून धान्य पोचवलं आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंग स्वतः तिकडे गेले, पेपरात रोज होतं, आठवत असेल तुम्हाला. आणि ते सगळं चालू असताना सौदी सरकार मानवी हक्क परिषदेचं सदस्य होतं. एवढंच नाही तर त्याच २०१६ मध्ये ते पुन्हा निवडून आलं. हे जेव्हा मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यातून ते जाईचना.

पहिल्या दिवशी आम्ही हाताने लिहिलेली बावीस पानं घेऊन गेलो होतो. काकांनी चष्मा लावला, काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं मुलाकडे दिली आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मला वाटलं आता हे पण नाही म्हणणार. तर ते म्हणाले, "बेटा, हे 'सौदी लोक' काऊन लिहिलं? लोकांनी काय केलं? आपल्या गल्लीतली कितीक पोरं तिकडे कामाला आहेत, हजला दरवर्षी इथून माणसं जातात, त्याहिच्या हातात हे पडलं तर त्याहिले कसं वाटन? सरकार लिहा ना जी. जिथं तिथं सरकार." आम्ही सगळीकडे बदललं. नऊ जागा होत्या. सर म्हणाले की हे मला दिसायला पाहिजे होतं. मी स्वतः ते लिहिलं होतं, आणि मला रागात लिहिताना कळलंच नव्हतं की मी कोणावर बोट ठेवून राहिली, जेव्हा की त्या सरकारने सगळ्यात जास्त छळलंय ते त्यांच्याच लोकांना. रईफ बदावीला ब्लॉगवरून १० वर्षं आणि १,००० फटके अशी शिक्षा झाली, तो सौदीच. लुजैन अल हथलूल, बायांना गाडी चालवू द्या म्हणणारी, तिला मे २०१८ मध्ये धरलं आणि जून २०१८ मध्ये बायांना लायसन द्यायला सुरुवात केली, म्हणजे मागणी मान्य आणि मागणारी जेलात. ती पण सौदीच.

आता वरच्या ताई. दुकानाला चार स्टार असतील तर त्यातले तीन त्यांचे आहेत. टायपिंग स्पीड वगैरे चांगला आहेच, जोडाक्षरं तुटत नाहीत, जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये नेताना रफार कुठे उडाला ते त्या डोळ्यांनी पकडतात. पण खरी गोष्ट ही की त्या वाचतात. टाइप करणारी खूप माणसं अक्षरं बघतात, या मजकूर बघतात. एका वाक्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिलंय की जास्त मतं मिळाली की जिंकला, आणि खाली लिहिलंय ९७ लागतात. दोन्ही कसं?" आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग वकील मैत्रिणीने नीट सांगितलं आणि तेच पुढे पान ४ झालं. देश १९३, मतदान गुप्त, परिषदेत जागा ४७, मुदत ३ वर्षं, लागोपाठ दोनदाच राहता येतं. जागा विभागवार वाटलेल्या आहेत, आफ्रिका १३, आशिया-पॅसिफिक १३, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन ८, पश्चिम युरोप आणि इतर ७, पूर्व युरोप ६. निवडून यायला १९३ च्या निम्म्याहून जास्त म्हणजे ९७ मतं पाहिजेतच, आणि त्यावर पुन्हा जागांपेक्षा उमेदवार जास्त असतील तर सगळ्यात जास्त मतवाले घ्यायचे. म्हणजे दोन्ही अटी. ताईंनी न विचारता टाइप केलं असतं तर आम्ही चुकीचं वाटत फिरलो असतो आणि पहिल्याच माणसाने तिथेच आम्हाला गप्प केलं असतं.

ही परिषद २००६ मध्ये आली, १५ मार्चला ठराव झाला, १७० देश बाजूने, ४ विरोधात, ३ तटस्थ. त्याच्या आधी १९४६ पासून आयोग होता, पण त्याची पत गेली होती, २००३ मध्ये गद्दाफीच्या लिबियाला त्याचं अध्यक्षपद मिळालं, ३३ देशांनी मत दिलं. म्हणून नवीन परिषद करताना ठरावातच लिहिलं की सदस्याने मानवी हक्कांचा सगळ्यात उंच दर्जा पाळला पाहिजे, आणि फारच वाईट वागला तर दोन तृतीयांश मतांनी त्याला बाजूला करता येईल. लिबियाला २०११ मध्ये असंच काढलं, रशियाला ७ एप्रिल २०२२ ला, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, ९३ विरुद्ध २४, ५८ तटस्थ आणि त्या तटस्थांत आपण. आत घेतल्यावर काढणं किती जड आहे बघा. उभं असतानाच अडवलं तर सोपं.

आणि अडवता येतं, हे लोकांना पटवणं हाच पुस्तिकेचा मुद्दा होता. 'आपल्या सांगण्याने काय होते' हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं आहे. २००७ मध्ये पूर्व युरोपच्या दोन जागांसाठी बेलारूस आणि स्लोव्हेनिया दोघंच होते, म्हणजे बेलारूस आत गेल्यातच जमा, तर शेवटच्या काही दिवसांत बोस्निया उभा राहिला आणि बेलारूस हरला. २००८ मध्ये श्रीलंकेच्या विरोधात दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू उघड बोलले, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर बोलले, श्रीलंका हरली. २०११ मध्ये सीरियात गोळीबार चालू असताना असदचं सरकार उमेदवार होतं, एवढी ओरड झाली की त्यांनी माघार घेतली आणि कुवेत आला. रशिया २०१६ मध्ये दोन मतांनी हरला, क्रोएशिया ११४, रशिया ११२. दोन देश इकडचे तिकडे झाले तर सगळं बदलतं. काकांना टुटूंचा भाग फार आवडला, तेवढा परिच्छेद त्यांनी बोल्ड करायला लावला, आम्ही सांगितलं नव्हतं.

सौदी सरकारबद्दलचं प्रकरण लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा ४८ देश बाजूने होते आणि ८ तटस्थ, त्या आठांत सौदी. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द होते, ते बदलून 'सगळी माणसं' करायला लावणारी बाई आपली, हंसा मेहता. मग जमाल खशोगी, २ ऑक्टोबर २०१८, इस्तंबूलमधल्या सौदी वकिलातीत लग्नाची कागदपत्रं आणायला गेलेला पत्रकार बाहेर आलाच नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ अ‍ॅग्नेस कॅलमार्ड यांनी २०१९ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की या हत्येला सौदी राज्य जबाबदार आहे. मग १२ मार्च २०२२, एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड. हा आकडा ताईंनी टाइप केला आणि हात थांबवून विचारलं, "एका दिवसात? वर्षात नाही ना?" नाही. एका दिवसात. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग उठून पाणी पिऊन आल्या.

इथे मावसभावाने एक गोष्ट लावून धरली ती मला सुरुवातीला आवडली नव्हती. तो म्हणाला, मार्च २०२१ पासून तिकडचे नियम बदललेत, बऱ्याच कामगारांना आता मालकाला न विचारता नोकरी बदलता येते, देश सोडायची परवानगी ऑनलाइन काढता येते, ते पण लिही. मी म्हटलं तुझ्यावर एवढं गुजरलं आणि तूच त्यांची बाजू घेऊन राहिला? तो म्हणाला बाजू नाही घेत, पण जो परवा तिथून आला तो हे वाचेल आणि म्हणेल की यांना काही माहीतच नाही. ताईंनी पण मान हलवली. मग लिहिलं, आणि खाली हेही लिहिलं की घरकाम करणाऱ्या बाया, ड्रायव्हर यांना त्या बदलातून बाहेर ठेवलं होतं. ते पान आता मला सगळ्यात बरं वाटतं.

आणि मग तो प्रश्न आला जो येणारच होता. ताईंनीच विचारला, प्रूफ देताना. "मग आपल्या देशाचं काय?" सर म्हणाले विषय वेगळा आहे. मला नाही वाटत वेगळा आहे. भारत २०१८ मध्ये १८८ मतांनी या परिषदेवर निवडून आला, त्या वर्षी सगळ्यात जास्त, २०२१ मध्ये १८४ मतांनी. अभिमान वाटायला हरकत नाही, पण यातना विरोधी करारावर आपण १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली आणि त्याला मंजुरी अजून दिली नाही. आणि त्याच करारात सौदी सरकार १९९७ पासून आहे. हे शोधून मैत्रिणीने सांगितलं तेव्हा आम्ही गप्प बसलो. करारात असणं आणि पाळणं यात किती अंतर असतं ते सौदीच्या जेलांकडे बघून कळतं, ते खरं, पण त्याने आपली रिकामी जागा भरत नाही. सर दोन दिवस नाराज होते, तिसऱ्या दिवशी त्यांनीच ते पान स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं. ज्या मापाने दुसऱ्याची उमेदवारी मोजायची तेच माप आपल्याला, असं त्यात आहे. १६ पानांत जागा नव्हती, तर काकांनी मागच्या कव्हरची आतली बाजू मोकळी करून दिली, तिथे दुकानाची जाहिरात येणार होती, ती काढली.

आता टाइमिंगचं. इथे माझी तक्रार आहे. २० सप्टेंबरचा वायदा होता, पुस्तिका २७ ला मिळाल्या. कारण मला माहीत आहे, दसरा जवळ आला की दीक्षाभूमीवरच्या स्टॉलसाठी पुस्तकं, फोटो, कॅलेंडर यांचं काम गल्लीतल्या सगळ्या प्रेसवर पडतं, मशीन रात्री पण थांबत नाही, आणि ते काम थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही, त्या पुस्तकांवर कितीक घरं वाचायला शिकली आहेत. पण मग २० चा वायदा द्यायचा नव्हता. आम्हाला मतदानाची तारीख होती, ९ ऑक्टोबर, ती पुढे ढकलता येत नव्हती. पत्र मात्र त्यांनी वेळेत दिलं, इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही, त्यात एक स्पेलिंगची चूक नाही, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्ट केलं. उत्तर आलं नाही. मत गुप्त असतं त्यामुळे आपण कोणाला दिलं हे आपल्याला कळणार पण नाही, हे पत्र लिहितानाच माहीत होतं.

९ तारखेला रात्री मी राहिलेल्या १०० प्रती घ्यायला गेली होती. दुकान सुरूच होतं, खाली कटिंग चालू, फरशीवर निळ्या कव्हरांचे गठ्ठे. मोबाइलवर न्यूयॉर्कचं लाइव्ह लावलं होतं मी, तिकडे सकाळ. ताईंनी मोबाइल माझ्या हातून घेऊन मॉनिटरला टेकवून ठेवला. आशिया-पॅसिफिकच्या ५ जागा, ६ उमेदवार. थायलंड १७७, सायप्रस १६७, कतार १६७, दक्षिण कोरिया १६१, मार्शल आयलंड्स १२४, सौदी अरेबिया ११७. हरले! काकांनी मशीन बंद करायला लावलं, गल्लीतून चहा आला, मावसभावाला फोन लावला तर तो काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता.

मग ताईंनीच पहिलं विचारलं, "११७ म्हणजे ९७ पेक्षा जास्तच की." बरोबर. सहावा उमेदवार नसता तर सौदी सरकार आरामात आत गेलं असतं. २०२० मध्ये त्यांना ९० मिळाली होती, म्हणजे चार वर्षांत २७ वाढली. अडवलं कोणी, तर मार्शल आयलंड्सने, पॅसिफिक समुद्रातला देश, लोकसंख्या पन्नास हजाराच्या आत, आपल्या नागपूरच्या एका प्रभागात मावेल. त्यांच्या बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या. आणि हेच मार्शल आयलंड्स २००६ मध्ये ही परिषद बनवायच्या ठरावाला विरोध करणाऱ्या चार देशांत होतं. फरक सात मतांचा.

म्हणून दुसरी आवृत्ती काढायची ठरली. त्यात एका सरकारापेक्षा जास्त या गोष्टीवर भर दिला की जागा तेवढेच उमेदवार उभे करायची जी पद्धत पडली आहे ती मोडली पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ ला तेच झालं, १४ जागा आणि १४ उमेदवार, सगळे निवडून आले, इजिप्त, व्हिएतनाम, इराक, पाकिस्तान, आणि आपण पण, सातव्यांदा. १४ ऑक्टोबर ही तारीख नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. १९५६ मध्ये त्या दिवशी इथे लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत स्वतःची निवड केली, आणि ६९ वर्षांनी त्याच दिवशी तिकडे अशी निवडणूक झाली ज्यात निवडायला काही नव्हतंच. हे वाक्य पुस्तिकेच्या पान २ वर आहे, सरांचं आहे. तरी देशांच्या हातात एक गोष्ट राहते, मतपत्रिकेवर एखाद्याचं नाव न लिहिणं, ९७ च्या खाली गेला तर बिनविरोध असून पण तो येत नाही. आम्ही यावेळी मंत्रालयाला तेवढंच लिहिलं आणि उमेदवार देश जे लेखी वचनपत्र देतात त्यातलं भारताचं वचनपत्र लोकांसमोर मराठीत ठेवा अशी मागणी केली.

आणि इथेच तो कापलेला स्टार. दुसरी आवृत्ती १० डिसेंबरसाठी पाहिजे होती, मानवी हक्क दिन. हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांचे बॅनर, पत्रकं याचीच गर्दी होती दुकानात, ताई सुट्टीवर होत्या, घरचं लग्न होतं, आणि करेक्शन दुसऱ्या मुलाने लावलं. ५०० प्रती पिना मारून तयार झाल्या तेव्हा पान ९ वर सौदीची मतं ११७ च्या जागी १७७ छापलेली. म्हणजे थायलंडचा आकडा सौदीला! ज्या पुस्तिकेचं सगळं म्हणणं सात मतांच्या फरकावर उभं आहे तिच्यात तोच आकडा चुकला, आणि तो असा चुकला की वाचणारा म्हणेल हे हरले कसे मग. मला रडू आलं खरंच. अंतिम प्रूफवर माझी सही होती, पण त्या प्रूफमध्ये ११७ च होतं, नंतर ओळ सरकवताना चूक झाली.

काकांनी एक शब्द वाद घातला नाही. पान ९ सगळ्यात मधल्या शीटवर येतं, ७, ८, ९, १० अशी चार पानं एका शीटवर, तर तेवढी एक प्लेट नवीन केली, ५०० शीट पुन्हा छापल्या, आणि ते, त्यांचा मुलगा आणि दोन पोरं रात्री बसून एकेक पिन उघडून मधलं शीट बदलून परत पिना मारल्या. पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं कागदाचे तरी घ्या, तर म्हणाले "चूक आमची, कागद पण आमचा." ९ डिसेंबरला दुपारी गठ्ठे माझ्या हातात होते. म्हणून स्टार एकच कापला, आणि तो चुकीसाठी कमी, करेक्शन लावल्यानंतर तिसऱ्या माणसाने न वाचता मशीनवर चढवायची जी सवय आहे तिच्यासाठी जास्त. ताई नसतील तर काम देऊ नका, किंवा स्वतः उभं राहून शेवटची प्लेट वाचा.

रेट विचाराल तर, डीटीपी ६० रुपये पान, करेक्शन दोनदा फुकट, १६ पानी, ७० जीएसएम मॅपलिथो, एक रंग, सेंटर पिन, ५०० प्रतींचे ६,५०० लागले पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी ६,८००. बर्डीला याच्यापेक्षा शंभर-दोनशे कमीत होईल. यूपीआय चालतं. रविवारी बंद, पण आधी सांगितलं तर अर्धं शटर उघडून देतात. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं, कागद न्यायला प्लास्टिक आणा.

पुढची निवडणूक ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. तिसऱ्या आवृत्तीचं मॅटर आम्ही जुलैमध्येच देणार आहोत, दीक्षाभूमीचं काम सुरू व्हायच्या आधी, ताईंना तसं सांगून ठेवलंय. दुसऱ्या आवृत्तीच्या साठ-सत्तर प्रती काउंटरवर डाव्या बाजूला ठेवल्या आहेत, निळं कव्हर, फुकट आहेत, कोणी पण घेऊ शकतं. घेतली की पान ९ उघडून बघा, तिथे ११७ पाहिजे. जुनं शीट चुकून राहिलेली एखादी प्रत सापडली तर ती काकांकडे परत द्या, ते बदलून देतात.